विमान उतरायच्या आधी

९ जानेवारी

प्रशिक्षण संपलं. आजपासून निळा स्कार्फ माझा. तो बांधून घरी आले तर आई म्हणाली, "गळा धरलाय का तुजा?"

रविराज सर आमचे स्टेशन मॅनेजर, पुण्याचे. त्यांनी आम्हा दोघींना, मला आणि कोपरगावच्या रेश्माला, समोर बसवून विचारलं, "कंपनी पैसे कधी कमावते?" रेश्मा म्हणाली, तिकीट विकल्यावर. सर म्हणाले, "नाही. विमान हवेत असताना. जमिनीवर उभं विमान नुसतं खातं." मला आमची आटलेली गाय आठवली.

म्हणून आपलं विमान उतरलं की अर्ध्या तासात परत उडालं पाहिजे. सगळी विमानं एकाच जातीची, म्हणजे कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर चालतो. विमानातल्या मुलीच कचरा उचलतात. जेवण नाही, पाणी विकत. खिडकीची जागा हवी तर वेगळे पैसे, पिशवी जड झाली तर वेगळे. "तिकीट म्हणजे फक्त बूड टेकायला जागा," सर म्हणाले. जी मुलगी काउंटरवर बसते तीच पुढे माईकवर घोषणा करते आणि तीच दारात उभी राहते. माणसं कमी, म्हणून तिकीट स्वस्त, म्हणून आमच्यासारखेही कधीतरी बसतील.

हे सगळं घरी सांगितलं. आई म्हणाली, "पानी इकत? पाव्हन्याला?"

"पाहुणे नाहीत ते आई, प्रवासी आहेत."

"दारात आलेलं मानूस हाय न्हवं?"

पण खरं लिहायचं तर मला कंपनीची रीत आवडली. आमचं घर असंच चालतं. एकदा चूल पेटली की दोन वेळचं उरकायचं. फरक एवढाच की आम्ही ते लपवतो आणि कंपनी छातीठोक सांगते. काटकसरीत लाज नसते, हे एखाद्या मोठ्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

२७ जानेवारी

शिर्डीहून आलेल्या एका बाईंची पिशवी जड भरली. सगळ्यांसमोर उघडायला लावली. वर साड्या, खाली पेढ्यांचे पुडे. त्यांनी दोन साड्या अंगावरच्या साडीवरून गुंडाळल्या, तरी काटा खाली येईना. प्रसादाचेही पैसे घेता का, असं त्यांनी विचारलं. मी पावती फाडली.

बॅगांच्या वसुलीत आपलं छोटं स्टेशन यंदा वर आलं, असं सर संध्याकाळी म्हणाले आणि माझं नाव घेतलं. मला आनंद झाला. तोही लिहून ठेवते, कारण झाला होता.

१६ फेब्रुवारी

आज एक गोष्ट घडली, तिचा निकाल लागत नाही.

काउंटर बंद करून पाटी उलटी ठेवली आणि एक म्हातारं जोडपं धापा टाकत आलं. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या अडकल्या होत्या. आजोबांच्या हातात काठी. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "घे, पटकन." मी बोर्डिंग पास दिले, त्यांची पिशवी स्वतः उचलून पळाले. विमान वेळेवर गेलं. आजोबांनी डोक्यावर हात ठेवला होता, तो दिवसभर जाणवत राहिला.

मग भीती वाटायला लागली. सरांना विचारलं, "उद्या दुसरं कुणी असं आलं तर?"

"डोकं वापरायचं, पंकजा."

"पण कुणासाठी वापरायचं आणि कुणासाठी नाही, हे कुठं लिहिलंय?"

सर खो खो हसले. मी गंमत करत नव्हते.

११ मार्च

रेश्माचे चुलतमामा बेंगळुरूला निघाले होते. त्यांची पिशवी काट्यावर होती तेव्हा तिनं बुटाच्या टोकानं ती खालून जराशी उचलून धरली. वजन बसलं. सरांना कुठून तरी कळलं. मला बोलावून विचारलं, "तू शेजारीच होतीस. पाहिलंस?"

पाहिलं होतं. हो म्हणाले. रेश्माला ताकीद मिळाली.

परतताना कंपनीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझं बरंय बाई. तुझ्या घरचं कुणी विमानानं जाणारच नाही."

टोमणा होता. पण मला वाईट वाटलं ते यासाठी की ती खरं बोलत होती.

२ एप्रिल

केक कापला. कंपनीनं नवी विमानं घेतली, सहा नवी शहरं जोडली. काउंटरमागे मोठं पोस्टर लागलं. त्यावर आमचं नाव नाही, पण आम्ही आधीपासूनच आहोत, म्हणून नसेल. आमचं रोजचं विमान आता एक दिवसाआड येणार. तात्पुरतं आहे.

फाटकाबाहेर कानिफनाथ काकांची चहाची टपरी आहे. धावपट्टीत गेलेल्या रानात त्यांचीही पट्टी होती. त्यांनी विचारलं, "कंपनी वाढली म्हन्तीस, मंग गाड्या कमी कशा झाल्या?"

मी नीट समजावलं. कंपनी वाढते आहे, म्हणून विमानं सगळीकडे थोडी थोडी वाटून द्यावी लागतात. पुढे आणखी विमानं आली की आपल्याकडे पुन्हा रोज सुरू होईल. बराच वेळ सांगत होते.

"बरं," काका म्हणाले आणि चहा पुढे केला.

२० एप्रिल

रतनबाई आत्याचा फोन. तिचा भीमा परदेशी चाललाय, वेल्डर म्हणून, तीन वर्षांच्या करारावर. आधी सुप्याला कारखान्यात होता, तिथून बेंगळुरूला गेला. व्हिसा अचानक आला, त्यामुळे त्याला घरी यायला सवड नाही. दिवाळीनंतर आत्यानं त्याला पाहिलेलं नाही. जायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचाय, म्हणाली.

मी लगेच बेंगळुरूचं तिकीट काढलं. २९ तारखेचं. तो ३० ला संध्याकाळी उडणार. आमच्या सगळ्या घराण्यात विमानात बसणारी आत्या पहिली. आणि बसवणारी मी.

आत्या नसती तर मी या काउंटरवर नसते. दहावीनंतर मला स्थळ आलं होतं, आबांनी होकारही कळवला होता. आत्या डोंगराकडच्या अकोल्याहून एसटीनं आली, तांदळाचं गाठोडं ओट्यावर टेकवलं, आणि भावानं पोरीला कॉलेजात घालायचं कबूल करेपर्यंत घरात पाण्यालाही शिवली नाही. तिला स्वतःला सही येत नाही.

फोनवर सगळं समजावलं. आधार कार्ड घे. गाठोडं घट्ट बांध. कोयता, चाकू काही घेऊ नकोस. काउंटर एक तास आधी बंद होतो.

"अगं, म्या आदल्या राती तुज्याकडं येऊन निजते की! एक तासाचं काय घिऊन बसलीस!"

घरूनच मोबाईलवर पास काढता येतो. रेश्मानं सुचवलंही. पण मी मुद्दाम काढला नाही. निळा स्कार्फ बांधून, काउंटरपलीकडून, मला तो माझ्या हातानं तिला द्यायचा होता.

२९ एप्रिल

जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

मी सकाळीच कामावर आले. मोबाईल नियमाप्रमाणे कपाटात. घरचे सगळे शेजारच्या वाल्मिकच्या पिकअपमधून आत्याला पोचवायला आले. वेळेच्या कितीतरी आधी आले. मला काचेतून दिसत होते. फाटकाजवळच्या सावलीत आईनं चादर अंथरली. आत्या माहेराहून निघाली होती, म्हणून तिची ओटी भरायची होती. भरली. चुलतीनं धपाटे काढले. सगळे खात होते, हसत होते. आत्यानं नवं लुगडं नेसलं होतं. मधूनमधून ती डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे बघायची.

मला वाटलं, उरकलं की येईल. माझ्यासमोर रांग होती. ट्रॉलीवाल्याला सांगून निरोप पाठवता आला असता. मनात आलंही. पण कामाच्या वेळी मी घरच्यांची सरबराई करते असं दिसलं असतं. शेजारच्या काउंटरवरून रेश्मा सारखी माझ्याकडे बघत होती. शिवाय मी त्यांना सांगितलंच होतं.

वेळ झाली. मी पाटी उलटी केली.

रांगेतला शेवटचा माणूस आत जातोय तोवर आत्या आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावर गाठोडं, मागं दारावरच्या शिपायाला विनवून आत आलेले आबा. आख्खा हॉल तिच्याकडे बघत होता. ती माझ्याकडे बघून हसली. "पंके, काय दिसतीस गं! कुटं बसायचं मी?"

"आत्या, काउंटर बंद झाला."

"म्हंजी?"

"उशीर झाला."

तिनं गाठोडं खाली ठेवलं. पलीकडच्या काचेतून धावपट्टीकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं, मी तिची चेष्टा करतेय असं तिला वाटलं असावं.

"अगं, विमान तर आलंच न्हाई अजून!"

खरंच आलं नव्हतं. आमचं विमान उतरतं, माणसं सोडतं, घेतं आणि जातं. काउंटर बंद होतो तेव्हा ते अजून दुसऱ्याच गावच्या आभाळात असतं. आबा म्हणाले, "आमी तिकडंच डोळं लावून बसलो हुतो. उतरलेलं दिसलं की उठायचं म्हनून." एसटी फलाटाला लागली की माणूस उठतो. न आलेल्या गाडीला उशीर कसा होतो? मी एवढी नियमावली पाठ केली, आणि हे एक वाक्य आत्याला सांगायचं मला सुचलं नाही. मलाच ते इतकं अंगवळणी पडलं होतं.

रविराज सर आले. इंग्रजीत हळूच म्हणाले, "घरचे का? माझ्या लॉगिनमधून अजून होईल. तू ठरव."

रेश्मा माझ्या खांद्याशी येऊन उभी होती.

मी म्हणाले, "नको सर."

का म्हणाले, ते इथं तरी लिहायला हवं. नियम म्हणून? घरच्यांसाठी नियम वाकवला असं कुणी म्हणू नये म्हणून. समोर आत्या नसून दुसरं कुणी असतं तर मी काय म्हणाले असते, यावर विचार करायला बसले की हात थांबतो.

ते सगळे बाहेर जाऊन कुंपणाशी उभे राहिले. विमान आलं. मी दारात उभी राहून पास तपासले, हसून नमस्कार केले. विमान गेलं. रिकाम्या जागेची मी नोंद केली.

घरी आले तर आत्या भाकरी थापत होती. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "लई येळ उभं हुतं की गं ते."

पुण्याहून काही मिळतंय का पाहिलं. रात्रीची आणि उद्या सकाळची विमानं भरलेली. रेल्वेनं पोचेपर्यंत भीमा निघून जाणार.

३० एप्रिल

संध्याकाळी भीमानं आबांच्या मोबाईलवर व्हिडिओ लावला. आत्यानं सवयीनं फोन कानाला लावला. तिकडून त्याचा आवाज, "आई, नुसता कान दिसतोय तुजा. समोर धर." तिनं समोर धरला तोवर त्याच्या रांगेतल्यांनी पुढे सरकायला सांगितलं.

गाठोड्यात त्याच्यासाठी काळभाताचे तांदूळ होते आणि खुरासणीची चटणी. आत्यानं ते आईला दिले. "र्‍हाऊ दे, परत कुटं वझं न्यायचं."

५ मे

मुख्यालयाचं पत्र आलं. एप्रिलमध्ये आमच्या स्टेशनमुळे एकही विमान रखडलं नाही. त्यात माझं नाव आहे. सरांनी विभागाच्या बैठकीत माझी गोष्ट सांगितली म्हणे. "सख्ख्या आत्यालाही सोडलं नाही! अशी माणसं मिळाली तर मी दहा मिनिटांत विमान उडवीन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असंही म्हणाले.

परतताना गाडीत रेश्मा आणि मी दोघीच होतो. मीच म्हणाले, "तू बघत होतीस त्या दिवशी. मी तुझ्या बाबतीत एक आणि माझ्या बाबतीत दुसरं, असं केलं नाही."

तिनं खिडकीची काच वर सारली. मग म्हणाली, "त्या काठीवाल्या आजोबांना घेतलंस तेव्हा मी काही बोलले होते? त्या दिवशी तुझ्या आत्याच्या गाठोड्याचा टॅग छापून मी हातात धरला होता, पंकजा. म्हणून तुझ्याशेजारी येऊन उभी होते."

मला वाटलं होतं ती माझी चूक पकडायला उभी आहे.

मला रडू आलं, पण गाडीवाल्यासमोर बरं दिसलं नसतं.

१८ मे

आत्या भावकीतल्या लग्नासाठी आलीय. येताना एसटीत कंडक्टरला, शेजारच्या बाईला, उतरल्यावर टपरीवर कानिफनाथ काकांना, सगळ्यांना तिनं एकच गोष्ट सांगितली. आज मांडवातही सांगत होती. "माजी भाची लई कडक. म्या सख्खी आत्या, शिकायला लावनारी, पर मला बी म्हनली, न्हाई, उशीर झाला. सायबाच्या म्होरं उभी हुती, पापनी हालली न्हाई. अशी पाह्यजेत मानसं!"

बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. एकीनं आपल्या मुलीला दाखवलं, "बघ, ती."

आत्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला वाटलं, झालं, तिनं गिळलं. तिच्यासाठी नियम तो नियम, आणि त्यापुढे माझाही इलाज नव्हता. सर काय म्हणाले होते ते तिला कळलेलं नाही. इंग्रजीत म्हणाले होते.

मी पाणी वाढायला उठले.

२४ जून

स्टेशन बंद होतंय. महिनाअखेर शेवटचं विमान.

सरांनी शांतपणे सांगितलं. इथं विमान भरत होतं, पण तेच विमान दुसरीकडे नेलं तर दिवसात एक फेरी जास्त होते. सुरुवातीला मिळणारी सरकारी सवलतही संपली. "नुकसान नाही गं, फक्त तिकडं फायदा जास्त. आपली कंपनी अशीच वाढते."

म्हणजे आम्ही वेळेवर पाठवलेलं प्रत्येक विमान, एकही मिनिट न दवडता, आमच्यापासून लांब जायलाच शिकत होतं, असा काहीतरी विचार मनात आला. नीट मांडता येत नाही.

मला बेंगळुरूच्या तळावर घेतायत. रेश्माला नाही. तिच्या फाईलमध्ये ताकीद आहे.

कानिफनाथ काकांनी यावेळी काही विचारलं नाही. मी समजावून सांगायला थांबले होते.

२९ जून

आज रविराज सर निरोप घ्यायला घरी आले. आई घाबरून गेली, दोनदा पाणी दिलं. आत्या कालपासून इथंच आहे, तिनं चहा केला. आबा आणि सर बाहेर खाटेवर, मी दाराशी.

सर आबांना म्हणाले, "मुलगी सोनं आहे तुमची. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी स्वतः म्हणालो होतो हिला, घे तुझ्या आत्याला, माझ्या लॉगिनमधून होतं, काही बिघडत नाही. पण ही ऐकते का! नको म्हणाली. मीच थक्क झालो."

ते कौतुक करत होते. मनापासून करत होते.

आत्या कपबशा घेऊन उंबऱ्यावर उभी होती.

"व्हय का," ती म्हणाली. वाकून सरांसमोर कप ठेवला. "साखर बेताचीच घातलीय. आनखी देऊ का?"

सर म्हणाले, पुरे. आत्या आत गेली. मी तिच्यामागे गेले नाही. जायला हवं होतं, हे तेव्हाच कळत होतं.

जेवताना तिनं माझ्या ताटात नेहमीसारखी अर्धी भाकरी जास्त टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही.

१३ जुलै

परवा बेंगळुरूला निघायचंय. पुण्यापर्यंत एसटीनं, तिथून विमान.

आज दुपारी आई, आत्या आणि शेजारच्या पुष्पावती काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कपडे भरत होते, पण दार उघडं होतं. काकूंची सून माहेराहून नवीनच आलीय, ती पण होती. काकू तिला म्हणाल्या, "अगं, यांची विमानाची गोष्ट ऐक. रतनबाई, सांगा की हिला, तुमच्या भाचीनं कसं तुमाला परत लावलं ते."

मी हातातली घडी तशीच धरून उभी राहिले.

सुपातून खडा काढून आत्यानं तो अंगणात टाकला.

"त्यात काय सांगायचं," ती म्हणाली. "मला उशीर झाला हुता."

काकू म्हणाल्या, "तसं न्हाई, ते सायबाच्या म्होरलं सांगा."

"येवडंच हाय," आत्या म्हणाली. "माजाच उशीर झाला."

आणि तिनं सुपाला एक झटका दिला.